खोडरबरने वाढवलेले गुण

अमेरिकेतील जॉर्जिया राज्यात, अटलांटा शहरातल्या एका गरीब वस्तीत पार्क्स मिडल स्कूल ही सहावी ते आठवीची शाळा होती. २००५ साली या शाळेतील आठवीची फक्त २४ टक्के मुले राज्याच्या गणिताच्या प्रमाणित चाचणीत उत्तीर्ण झाली होती. पुढच्या वर्षी हे प्रमाण ८६ टक्के झाले. वाचनात ३५ चे ७८ झाले. शाळेचे कौतुक झाले. गैरप्रकाराच्या तक्रारीही आल्या, पण त्यांची दखल घेतली गेली नाही.

हे गुण खोटे असल्याचा पुरावा पुढे उत्तरपत्रिकांतच सापडला. बहुपर्यायी चाचणीत मूल पेन्सिलीने गोल काळा करते आणि यंत्र तो वाचते. खोडलेल्या गोलाची पुसट खूणही यंत्राला ओळखता येते. मुले खोडाखोड करतातच. कधी चुकीचे उत्तर बरोबर होते, कधी बरोबरचे चूक, तर कधी एका चुकीच्या जागी दुसरी चूक येते. २००९ च्या चाचणीनंतर राज्याने प्रत्येक वर्गातील ‘चुकीचे खोडून बरोबर’ अशा खुणा मोजल्या आणि त्यांची तुलना राज्याच्या सरासरीशी केली. सरासरीपेक्षा तीन प्रमाण विचलनांहून पुढे गेलेले वर्ग संशयास्पद ठरवले. केवळ योगायोगाने असा वर्ग हजारात एखाददुसराच निघावा. अटलांटात शाळाच्या शाळा या रेषेपलीकडे निघाल्या.

नुसत्या खुणांवरून कोणी दोषी ठरत नाही. त्यांनी फक्त चौकशीची गरज दाखवली. राज्यपालांनी नेमलेल्या तपास अधिकाऱ्यांचा अहवाल जुलै २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. तपासलेल्या ५६ शाळांपैकी ४४ शाळांत गैरप्रकार आढळले. १७८ शिक्षक व मुख्याध्यापकांची नावे अहवालात होती आणि त्यांतील ८२ जणांनी कबुली दिली. पार्क्समध्ये शिक्षकच उत्तरे बदलत होते.

हे शिक्षक लबाड होते, एवढे म्हणून हा विषय संपवता येईल का? मला तसे वाटत नाही. २००२ च्या केंद्रीय कायद्याने २०१४ पर्यंत शंभर टक्के मुले ‘प्रवीण’ झालीच पाहिजेत असे ठरवले होते. शहराच्या शिक्षणप्रमुख बेव्हर्ली हॉल यांनी त्यावर शहराची स्वतःची उद्दिष्टे लादली. ती गाठली तर बक्षिसाची रक्कम मिळे, न गाठली तर मुख्याध्यापकांची खुर्ची धोक्यात येई. आदल्या वर्षीचे गुण हा पुढच्या उद्दिष्टाचा पाया असल्याने एकदा खोटे लिहिले की पुढच्या वर्षी त्याहून मोठे खोटे लिहावे लागे. शिवाय काही प्राथमिक शाळांतही हाच प्रकार चालू होता. तिथून कागदावर उत्तम गुण घेऊन सहावीत आलेल्या काही मुलांना पहिली-दुसरीच्या पातळीचेच वाचता येत होते. प्रामाणिक शिक्षकाने अशा वर्गाचे खरे गुण दाखवले असते, तर मुलांची घसरण त्याच्याच माथी मारली गेली असती.

अमेरिकन मानसशास्त्रज्ञ डोनाल्ड कॅम्बेल यांनी १९७६ मध्येच सांगितले होते, की एखाद्या आकड्यावर जितके मोठे निर्णय अवलंबून ठेवाल, तितका तो आकडा बिघडेल आणि ज्याचे मोजमाप करायचे ते कामही बिघडेल. तापमापीवर पारा खाली दिसला तर बक्षीस मिळणार असेल, तर कोणीतरी ती गार पाण्यात बुडवणारच. त्याने रुग्णाचा ताप उतरत नाही.

पार्क्समध्ये नेमके हेच झाले. गुण वाढल्यामुळे ‘सुधारणेची गरज असलेल्या शाळां’च्या यादीतून या शाळेचे नाव निघाले आणि तिला मिळू शकणारी सुमारे साडेसात लाख डॉलरची मदत गेली. मागे पडलेल्या मुलांना जादा शिकवणी देण्यासाठी हाच पैसा वापरता आला असता. मूल नापास दिसले असते तर त्याला मदत मिळाली असती. पास दाखवल्यामुळे ती बंद झाली.

याच अटलांटात १९६९ पासून चालत आलेली एक राष्ट्रीय चाचणीही घेतली जाते. ती काही निवडक मुलांनाच देतात. तिच्या गुणांवर कोणा शिक्षकाची नोकरी किंवा बक्षीस ठरत नाही, त्यामुळे खोडायचे कारणच उरत नाही. त्या चाचणीत २००३ ते २००९ या काळात अटलांटाच्या मुलांची प्रगती दिसत होती. ती हळूहळू होत होती, पण खरी होती. दरवर्षी उडी मागणाऱ्या अधिकाऱ्यांना तेवढी पुरेशी वाटली नाही, ही या प्रकरणातली सर्वांत खेदाची बाब आहे.

एप्रिल २०१५ मध्ये न्यायालयाने ११ जणांना दोषी ठरवले. त्याच वर्षी डिसेंबरात जुना कायदा जाऊन नवा आला, पण तिसरी ते आठवीच्या वार्षिक चाचण्या कायम राहिल्या. शिक्षा झाली ती खोडरबर हाती धरणाऱ्यांना आणि त्यांच्या वरिष्ठांना. शंभर टक्क्यांचे अशक्य उद्दिष्ट कायद्यात घालणाऱ्यांना कोणी जाब विचारला नाही.

आपल्या शाळेचा निकाल एकदम वर गेला तर आनंद जरूर मानावा. मात्र त्याच आठवड्यात चार-पाच मुलांना फळ्यापाशी बोलवावे, चाचणीतलेच एखादे उदाहरण आकडे बदलून द्यावे आणि ‘हे असे का केलेस?’ असे विचारावे. त्यांनी नीट समजावून सांगितले तर निकाल खरा आहे. नाही सांगता आले, तर ते धडे पुन्हा शिकवायला घ्यावेत.