शेवटी कुत्रा मरतो का?

आमच्या बोईसरच्या शाळेत सहावीच्या वर्गात एक मुलगा आहे. त्याचे वडील औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात कामाला आहेत. आई आणि धाकटी बहीण गावी, मराठवाड्यात. वाचनाच्या तासाला मी पेटीतून पुस्तके काढली, की मुखपृष्ठावर कुत्र्याचे चित्र असलेले पुस्तक हा आधी उचलतो, उलटसुलट करून पाहतो आणि मला एकच प्रश्न विचारतो, "बाई, ह्यात शेवटी कुत्रा मरतो का?" मी हो म्हटले, की पुस्तक परत पेटीत जाते.

प्रश्न भाबडा आहे असे मला आरंभी वाटले. पुढे कळले, की त्याने चाळीत एक पिल्लू वाढवले होते. वडिलांनी खोली बदलली तेव्हा नव्या घरमालकाने पिल्लाला मज्जाव केला आणि ते मागे राहिले. एकदा हरवलेले पिल्लू त्याला पुस्तकात पुन्हा हरवायचे नव्हते. तेव्हापासून हा प्रश्न मी टीकेचे माप म्हणून जवळ ठेवला आहे. विद्वान समीक्षकांकडे मोठी मापे असतात. माझे शिक्षण मॅट्रिकपाशी थांबले, मला हे सहावीतले माप पुरते. मात्र ते प्रथम मलाच लागू पडले. माझ्या एका कादंबरीत मी कुत्रा मारला आहे. कथेला त्याचे मरण हवे होते म्हणून नव्हे, तर अठरावे प्रकरण कोरडे वाटत होते म्हणून!

मूल, कुत्रा आणि घर ह्या तिघांवर जगात पुष्कळ लिहिले गेले आहे. त्यातली एक अतिशय गाजलेली कथा म्हणजे वीडा ह्या टोपणनावाने लिहिणाऱ्या इंग्रज लेखिकेची 'अ डॉग ऑफ फ्लँडर्स' ही १८७२ सालची छोटी कादंबरी. पोरका नेल्लो आणि त्याचा आजोबा रस्त्याच्या कडेला मरायला टाकलेल्या पात्राश नावाच्या कुत्र्याला जगवतात. पुढे तोच कुत्रा त्यांची दुधाची गाडी ओढतो. आजोबा जातो, झोपडी जाते, गाव पाठ फिरवते. बर्फात पडलेली गिरणीवाल्याची पैशाची पिशवी पात्राशला सापडते; नेल्लो ती परत करतो, कुत्र्याला तिथेच उबेला ठेवून निघतो, आणि कुत्रा ऊब सोडून त्याच्या मागे धावतो. सकाळी दोघेही अँटवर्पच्या चर्चमध्ये रुबेन्सच्या चित्रासमोर गोठून मेलेले आढळतात.

हे वाचून रडू न येणारा माणूस विरळा. पण रडू आले म्हणजे पुस्तक चांगले ठरले, असे नव्हे. ह्या कथेत सगळ्यांना पश्चात्ताप होतो, पण एक रात्र उशिरा. मोठ्यांसाठी हा धडा चांगला आहे. मुलाला मात्र ती कथा असे सांगते, की तू मेल्यावर लोक तुझ्यावर प्रेम करतील. दहा-अकरा वर्षांच्या मुलाच्या हातात हा विचार देताना माझा हात कचरतो.

हिच्या शेजारी एक्तोर मालो ह्या फ्रेंच लेखकाची १८७८ सालची कादंबरी ठेवून पाहावी. तिचे नावच 'कुटुंबाविना' अशा अर्थाचे आहे. रेमी हा सापडलेला मुलगा. बार्बरँ नावाची गरीब बाई त्याला पोटच्या मुलासारखा वाढवते. तिचा नवरा पॅरिसला मजुरीवर असताना जायबंदी होतो, घरातली गाय विकावी लागते आणि शेवटी तो रेमीलाच व्हितालिस नावाच्या फिरत्या कलावंताच्या हवाली करतो. व्हितालिसच्या मेळ्यात तीन कुत्रे आणि एक माकड. त्या कुत्र्यांपैकी कापी हा शहाणा. खेळ संपला, की तोंडात वाडगा धरून लोकांपुढे पैशांसाठी फिरणारा.

मालोही मरण टाळत नाही. बर्फाच्या रात्री दोन कुत्र्यांना लांडगे नेतात, माकड आजाराने जाते, म्हातारा व्हितालिस थंडीने मरतो. परंतु प्रत्येक मरणानंतर रस्ता पुढे चालू राहतो आणि कापी बरोबर असतो. रेमीला मातिया हा मित्र मिळतो. दोघे गाणे-वाजवणे करून पैसा पैसा साठवतात. कशासाठी? बार्बरँ आईला गाय घेऊन देण्यासाठी. पुढे रेमीला त्याची खरी, श्रीमंत आई सापडते. पण कादंबरीचे शिखर ते नव्हे. शिखर आहे ती गाय. रक्ताचे घर नशिबाने मिळते. हे दुसरे घर मुलांनी स्वतः कमावले आहे. तारापूरला १९६९ साली अणुवीज केंद्र सुरू झाले, मागोमाग कारखाने वाढले आणि देशाच्या कानाकोपऱ्यांतून माणसे आली. ज्यांची घरे दोन ठिकाणी वाटली गेली आहेत अशी मुले माझ्या वर्गात बाकाबाकावर आहेत. त्यांना गाय कशी विकली जाते हे समजावून सांगावे लागत नाही.

एरिक नाइटची १९४० सालची 'लॅसी कम-होम' मला ह्याच कारणासाठी आवडते. खाण बंद पडते, बाप बेकार होतो आणि रोज चार वाजता शाळेच्या दारात मुलाला न्यायला येणारी कुत्री विकली जाते. ती स्कॉटलंडातून चालत परत येते, ही झाली गोष्ट. पण गोष्टीचा प्रामाणिकपणा असा, की विकणाऱ्या आईबापांना लेखक खलनायक करीत नाही. गरिबी घरात काय काय बोलायला लावते, ते तो मुलाला ऐकू देतो.

अलीकडचे उदाहरण केट डिकॅमिलो ह्या अमेरिकन लेखिकेच्या २००० सालच्या 'बिकॉज ऑफ विन-डिक्सी'चे. आई घर सोडून गेलेली, वडील धर्मोपदेशक, गाव नवे. दहा वर्षांच्या ओपलला एका मोठ्या दुकानात मोकाट कुत्रा सापडतो आणि ती त्याला त्या दुकानाचेच नाव देते. मग त्याच्यामागून जाता जाता तिला ग्रंथपाल बाई भेटते, दिसेनाशी झालेली एक म्हातारी भेटते, आणि गावातले एकटे जीव एका अंगणात जेवायला जमतात. हा कुत्रा विजांच्या गडगडाटाला भयंकर भितो. ऐन मेजवानीत वादळ येते, तो नाहीसा होतो, आणि शोधशोध केल्यावर घरातच दडून बसलेला सापडतो. लक्ष्मीपूजनाच्या रात्री फटाक्यांच्या भयाने जिन्याखाली थरथरणारी कुत्री आपण सर्वांनी पाहिली आहेत. त्यामुळे हे अमेरिकेतले प्रकरण मुलांना क्षणभरही परके वाटत नाही.

ह्या पुस्तकांवरून माझे मत असे झाले, की अशा कादंबरीत कुत्रा मरतो की जगतो हा पहिला प्रश्न. तो मुलाला माणसांपर्यंत नेतो का, हा खरा प्रश्न. जो नेतो, त्याचे मरणही मूल सोसू शकते. जो केवळ आपल्याला रडवण्यासाठी आणला जातो, तो कथेत जिवंत कधी नसतोच.

आता आपल्या घराकडे वळू. १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात साने गुरुजींनी 'श्यामची आई' लिहिली. तिच्यात माया अपार. पण श्यामला घर शोधावे लागत नाही, ते त्याला जन्मतःच मिळाले आहे. शोधलेल्या घराच्या गोष्टीही आपल्याकडे आहेत. गुरुजींनीच जॉर्ज इलियटच्या 'सायलस मार्नर'वरून 'मनूबाबा' लिहिले. सोने गमावलेल्या एकाकी विणकराच्या घरात एक चिमुरडी येते आणि तो बाप होतो. ना. धों. ताम्हनकरांचा पोरका गोट्या परक्या घरात येतो आणि त्या घरचा मुलगा होतो. १९९० च्या सुमारास दूरदर्शनने त्याला पुन्हा घरोघरी पोचवले. म्हणजे पोरक्याला घर देणारी मराठी कथा आहे. पण तिच्यात कुत्रा उंबऱ्याबाहेरच राहिला आहे.

असे का व्हावे? मला वाटते, आपण कुत्र्याला मान दिला, पण तो कुत्रा नव्हे असे सांगून. महाभारताच्या आदिपर्वात जनमेजयाचे भाऊ सरमेच्या निरपराध पिल्लाला मारतात. ती आई जाब विचारायला येते, उत्तर न मिळाल्याने शाप देऊन जाते. शेवटी युधिष्ठिर सोबत आलेल्या कुत्र्याला सोडून स्वर्गाच्या रथात चढायला नकार देतो. केवढी विलक्षण जोडी ही! परंतु दुसऱ्याच क्षणी तो कुत्रा साक्षात धर्म ठरतो आणि सांगणारे आजोबा सुटकेचा श्वास टाकतात. दत्तगुरूंच्या पायाशी असलेले चार कुत्रे म्हणजे चार वेद. नामदेव मात्र पोळी पळवणाऱ्या कुत्र्यामागे तुपाची वाटी घेऊन धावले. त्या पोळीत त्यांनी विठ्ठल पाहिला हे खरे, पण कोरडी पोळी घशात अडकेल ही काळजी कुत्र्याचीच होती. नेपाळात तिहारच्या दुसऱ्या दिवशी कुत्र्याच्या गळ्यात झेंडूची माळ घालतात. आपण वसुबारसेला गायवासराला ओवाळतो, ओवाळावे. मुलाच्या मनातली वसुबारस मात्र पुष्कळदा दारातल्या कुत्र्याची असते.

ह्या बाबतीत कादंबरीपेक्षा शाळा पुढे गेली होती. बोर्डीला १९४५ साली सुरू झालेले आणि पुढे कोसबाडच्या टेकडीवर गेलेले ताराबाई मोडक व अनुताई वाघ ह्यांचे काम आमच्याच परिसरातले. गुरे चारायला जाणारी आदिवासी मुले शाळेत येईनात, तेव्हा त्या बायकांनी शाळाच कुरणावर नेली आणि तिला कुरणशाळा म्हटले. जनावर सोडून ये, असे त्यांनी मुलाला म्हटले नाही. मुलांसाठी लिहिणाऱ्याने एवढे जरी शिकले तरी पुष्कळ झाले.

मालोच्या कादंबरीची एक संक्षिप्त इंग्रजी आवृत्ती माझ्यापाशी आहे. शब्दकोश उघडून घरी वाचायची आणि दुसऱ्या दिवशी वर्गात मराठीतून सांगायची, असा क्रम मी गेल्या पावसाळ्यात धरला. पहिल्याच दिवशी अपेक्षित प्रश्न आला. मी म्हटले, "तीन कुत्रे आहेत. दोन मरतात. तिसरा शेवटपर्यंत राहतो." त्याने थोडा विचार केला आणि म्हणाला, "मग सांगा."

लांडग्यांच्या दिवशी त्याने बाकावर डोके टेकले, पण तो वर्गाबाहेर गेला नाही. दोन आठवड्यांनी गाय विकत घेतल्याचे प्रकरण आले. तास संपल्यावर तो टेबलापाशी येऊन उभा राहिला.

"बाई, गाय त्यांनी गावापर्यंत चालवत नेली?"

"हो, चालवत."

"मग कापी पुढे होता की मागे?"

मला आठवेना. त्या दिवशी घरी गेले आणि आधी ते पान काढले. मग माझ्या कादंबरीचे अठरावे प्रकरण काढले, आणि लाल पेन्सिल शोधू लागले.