बेडी कुणाची, कीर्ती कुणाची?

वेदनेला बाजारात किंमत येते तेव्हा ती कुणाच्या पदरात पडते, हा प्रश्न साहित्याच्या संदर्भात आपण नेहमी विचारतो. संगीताच्या बाबतीत मात्र आपण तो सहसा टाळतो, कारण सूर कुणाच्या मालकीचा नसतो अशी एक गोड समजूत आहे. ‘चीप थ्रिल्स’ या ध्वनिमुद्रिकेची कीर्ती या समजुतीच्या आड येते, म्हणून तिच्याविषयी लिहावेसे वाटले.

ऑगस्ट १९६८ मध्ये कोलंबिया कंपनीने ही रेकॉर्ड काढली. वाद्यवृंदाचे नाव बिग ब्रदर अँड द होल्डिंग कंपनी, गाव सॅन फ्रान्सिस्को, गायिका जॅनिस जॉप्लिन. निग्रो शेतमजुरांच्या ब्लूज गाण्याला विजेच्या गिटारचा कर्कश आवाज आणि एलएसडीच्या नशेतील भास यांची जोड देणारे जे संगीत त्या शहरात तेव्हा घडत होते, त्याचा हा ठळक नमुना. अमेरिकेतील विक्रीच्या यादीत ती आठ आठवडे पहिली राहिली. पुढे ‘सर्वश्रेष्ठ’ ध्वनिमुद्रिकांच्या याद्यांत तिचे नाव येत राहिले आणि २०१३ साली अमेरिकन काँग्रेसच्या ग्रंथालयाने जतन करण्याजोग्या राष्ट्रीय ध्वनिमुद्रणांत तिला स्थान दिले. प्रस्थापित होणे म्हणतात ते हेच.

मला ही रेकॉर्ड आवडते, हे आधीच सांगून टाकतो. जॉप्लिनच्या गळ्यात ढोंग नाही. टेक्सासमधील तेलाच्या कारखान्यांच्या गावात मध्यमवर्गीय गोऱ्या घरात ही मुलगी वाढली. बेसी स्मिथच्या जुन्या तबकड्या ऐकत तिने गाणे उचलले. त्या गावातल्या वर्णद्वेषाशी तिचे जमले नाही. गाताना ती स्वतःला राखून ठेवत नाही. चाहते तिला ‘अस्सल’ म्हणतात ते खोटे नाही. पण या अस्सलपणाची मुळे कुठे आहेत, हे सांगण्याची वेळ आली की तिच्या स्तुतिपाठकांची लेखणी अडखळते.

रेकॉर्डवर सात गाणी आहेत. त्यांतली जी तीन तिच्या कीर्तीचा भार वाहतात, ती तिन्ही दुसरीकडून आलेली आहेत. ‘पीस ऑफ माय हार्ट’ १९६७ साली अर्मा फ्रँकलिन या काळ्या गायिकेने प्रथम गायिले. लिहिणारे बर्न्स आणि रॅगोवॉय, दोघेही गोरे. अरीथा फ्रँकलिनची थोरली बहीण एवढीच अर्माची ओळख राहिली. ‘समरटाइम’ हे तर १९३५ सालच्या गेर्श्विनच्या ‘पोर्गी अँड बेस’ या संगीतिकेतले. म्हणजे काळ्या आईची अंगाई, पण गोऱ्यांनी कल्पिलेली आणि इथे गोरीने गायिलेली. या गाण्यातल्या दोन गिटारींचे एकमेकींत गुंतत जाणे खरोखर सुंदर आहे. पण आवरण पाहा. रॉबर्ट क्रंब या व्यंगचित्रकाराने प्रत्येक गाण्याचे एकेक चित्र काढले आहे. ‘समरटाइम’च्या चौकटीत जाड ओठांची, डोक्याला फडके बांधलेली काळी दाई रडणारे गोरे मूल घेऊन बसली आहे. मालकाच्या घरातल्या मोलकरणीचे हे ठराविक विडंबन तिकडच्या वर्णद्वेष्ट्यांनी शंभर वर्षे रंगवले होते. प्रेम, शांती आणि मुक्तीच्या घोषणा देणाऱ्या पिढीने ते आपल्या सर्वांत गाजलेल्या आवरणावर हसत हसत छापले. या आवरणाचेही कौतुक आजवर होत आले आहे.

तिसरे गाणे ‘बॉल अँड चेन’. कैद्याच्या पायात अडकवतात तो लोखंडी गोळा आणि साखळी. रेकॉर्डचा शेवट याच गाण्याने होतो, नऊ मिनिटांहून अधिक. इतर बहुतेक गाणी स्टुडिओत मुद्रित करून त्यांवर श्रोत्यांचा गलका चढवला होता. हे एक मात्र खरोखर लोकांसमोर गायिलेले. आधी गिटार किंचाळते, मग वाद्ये एकदम थांबतात आणि त्या रिकाम्या जागेत तिचा आवाज एकटा उभा राहतो. जून १९६७ च्या माँटेरी महोत्सवात याच गाण्याने जॉप्लिनचे नाव झाले. ते गाणे विली मे थॉर्नटन हिचे, लोक तिला ‘बिग मामा’ म्हणत.

थॉर्नटन १९२६ साली अलाबामात जन्मली. बाप धर्मोपदेशक. आई लवकर गेली आणि पोरीला दारूच्या गुत्त्यात साफसफाई करावी लागली. चौदाव्या वर्षाच्या सुमारास ती एका फिरत्या तमाशासारख्या मंडळीबरोबर बाहेर पडली. ढोल आणि माउथ ऑर्गन ती आपली आपणच शिकली. पुरुषी शर्ट-पँट घालून ती रंगमंचावर उभी राही. १९५३ साली तिचे ‘हाउंड डॉग’ काळ्या श्रोत्यांच्या यादीत सात आठवडे पहिले होते. तीन वर्षांनी ते एल्व्हिस प्रेस्लीने गायिले आणि जगाने ते त्याचे मानले. तिच्या सांगण्याप्रमाणे त्या गाण्याचा तिला पाचशे डॉलरचा एक चेक मिळाला. इथे घाईने काळे-पांढरे करून चालणार नाही. ‘हाउंड डॉग’ लिहिणारे लीबर आणि स्टोलर हे गोरे तरुण होते आणि तिची कंपनी चालवणारा डॉन रोबी हा काळा होता. पिळणाऱ्याची कातडी कधी कधी आपल्यासारखीच असते, हे आपल्याला बाहेरून शिकण्याची गरज नाही.

‘बॉल अँड चेन’चे दुखणे निराळे आहे. १९६० नंतर ती सॅन फ्रान्सिस्को भागात राहायला आली. याच खाडीच्या काठी, ऑकलंडला, १९६६ साली ब्लॅक पँथर पक्ष निघाला. त्याचे नाव १९७२ मध्ये मुंबईच्या आपल्या तरुणांनी घेतले. थॉर्नटनने हे गाणे बे-टोन या लहानशा कंपनीसाठी गायिले. कंपनीने ते प्रसिद्ध केले नाही, पण हक्क मात्र स्वतःकडे ठेवले. जॉप्लिन आणि तिच्या साथीदारांनी थॉर्नटनला क्लबात ऐकले आणि गाण्याची परवानगी मागितली. तिने दिली. रेकॉर्डवर गीतकार म्हणून तिचे नावही आहे. म्हणजे जॉप्लिनने चोरी केली नाही. श्रेय तिने उघडपणे दिले. पण लाखो प्रती खपल्या तेव्हा गाण्याचे मानधन गेले ते ज्याच्याकडे कागद होता त्याच्याकडे. तोंडाने दिलेले श्रेय आणि कागदावरची मालकी यांतले हे अंतर समीक्षक मोजत नाहीत. कृतज्ञतेच्या दोन ओळी लिहिल्या की त्यांना हिशेब पुरा झाल्यासारखे वाटते.

दोघींचे गाणे शेजारी ठेवून ऐकावे. थॉर्नटन सावकाश गाते आणि स्वतःला आवरते. ओरडण्याची ताकद असून ती ओरडत नाही. जिला उद्याही हेच ओझे ओढायचे आहे तिचा हा संयम आहे. बिग ब्रदरने चालीचा स्वर बदलून ती अधिक उदास केली आणि जॉप्लिन तीत स्वतःला जाळून घेते. दोन्ही गाणी थोर आहेत. पण याद्या करणाऱ्यांनी जळण्यालाच वेदना मानले. आवरून धरलेली वेदना त्यांच्या कानांना ऐकूच आली नाही. माझी तक्रार जॉप्लिनविरुद्ध नाही, या कानांविरुद्ध आहे.

जॉप्लिनला ऋणाची जाण होती, याचा पुरावा एका कबरीपाशी आहे. बेसी स्मिथ १९३७ साली मोटार अपघातात गेली. पेनसिल्व्हेनियात तिला पुरले त्या जागी तेहेतीस वर्षे दगड नव्हता. ऑगस्ट १९७० मध्ये तो बसला. खर्च दोघींनी वाटून घेतला. एक जॉप्लिन. दुसरी हुआनिता ग्रीन, जी लहानपणी बेसीच्या घरी फरशी पुसायची आणि पुढे फिलाडेल्फियात काळ्यांच्या हक्कांच्या संघटनेत काम करत होती. गोष्ट सांगणारे पहिले नाव सांगतात आणि बहुधा तिथेच थांबतात.

त्यानंतर दोन महिन्यांच्या आत, ४ ऑक्टोबर १९७० ला, जॉप्लिन हेरॉइनने गेली, वय सत्तावीस. थॉर्नटन गात राहिली आणि दारूने व आजाराने खंगत गेली. २५ जुलै १९८४ ला लॉस एंजेलिसच्या एका भाड्याच्या खोल्यांच्या घरात ती मेलेली सापडली. एके काळची ती धिप्पाड बाई हाडांचा सापळा झाली होती.

क्लीव्हलँडच्या रॉक अँड रोल हॉल ऑफ फेममध्ये जॉप्लिनला १९९५ साली घेतले. थॉर्नटनचा नंबर लागला २०२४ साली, मरणानंतर चाळीस वर्षांनी. तेही कलावंतांच्या वर्गात नव्हे. तिच्यासाठी वेगळा वर्ग होता, त्याचे नाव ‘सांगीतिक प्रभाव’.