नाटक बसवलं म्हणजे नाटक शिकवलं का?

पेट पास झाल्यावर पहिली अडचण येते ती विषय ठरवण्याची. गाईड विचारतात, "काय करायचंय?" आणि आपण आपल्या आवडीचं काहीतरी सांगून मोकळे होतो. नाटकाची आवड असलेल्या विद्यार्थ्याकडून मग हमखास असं शीर्षक येतं : "माध्यमिक स्तरावरील विद्यार्थ्यांच्या व्यक्तिमत्त्व विकासात बालनाट्याच्या योगदानाचा अभ्यास : विशेष संदर्भ नांदेड व लातूर जिल्हा."

हसू नका. माझा पहिला सिनॉप्सिस जवळजवळ याच नावाचा होता. आज या शीर्षकाची जरा चिरफाड करू, कारण त्यात एक समजूत लपलेली आहे. ती अशी की शाळेनं नाटक बसवलं की मुलांना नाटक शिकवून झालं. आपल्याकडच्या बहुतेक शाळा याच समजुतीवर चालतात आणि आपण संशोधक ती तपासण्याऐवजी तिच्यावर शिक्का मारून येतो. माझं म्हणणं आहे की बसवणं आणि शिकवणं ही दोन वेगळी कामं आहेत, आणि पहिलं उत्तम झालं तरी दुसरं अजिबात न झालेलं असू शकतं.

'बालनाट्य' म्हणजे नेमकं कोणतं?

सुरुवात व्याख्येपासून करू, कारण सिनॉप्सिस इथंच घसरतो. मराठीत 'बालनाट्य' हा एकच शब्द तीन वेगळ्या गोष्टींसाठी वापरला जातो.

पहिली, मोठ्यांनी मुलांसाठी उभं केलेलं नाटक. 1959 मध्ये सुधा करमरकरांनी 'लिटल थिएटर' सुरू केलं, रत्नाकर मतकरींचं 'मधुमंजिरी' त्यांनी रंगमंचावर आणलं, ती ही परंपरा. 1986 मध्ये मोहन आगाशे यांनी बर्लिनच्या ग्रिप्स थिएटरची पद्धत पुण्यात आणली. त्यात तर मोठी माणसंच लहान मुलांच्या भूमिका करतात. इथं मूल प्रेक्षक आहे.

दुसरी, मुलांनी प्रेक्षकांसाठी केलेलं नाटक. गॅदरिंगची एकांकिका किंवा सांस्कृतिक कार्य संचालनालयाची राज्य बालनाट्य स्पर्धा यात येते. इथं मूल नट आहे.

तिसरी, वर्गात, बाहेरचा प्रेक्षक नसताना, एखादा प्रश्न समजून घेण्यासाठी केलेलं नाट्य. त्याला 'वर्गनाट्य' म्हणू. इथं मूल स्वतः काहीतरी शोधणारं आहे.

आता तुमच्या शीर्षकातलं 'बालनाट्य' यातलं कोणतं? पहिल्याचा इतिहास लिहायचा, दुसऱ्याची आकडेवारी गोळा करायची आणि तिसऱ्याचे फायदे निष्कर्षात लिहायचे, असे प्रबंध तयार होतात. व्हायवाला एवढा एक प्रश्न आला तरी माणूस अडकतो.

नाटकाचाही लातूर पॅटर्न

दुसऱ्या प्रकाराची तालीम जवळून बघा. मी एका शाळेत स्पर्धेच्या आधी काही आठवडे रोज जाऊन बसत होतो. सर मनापासून काम करणारे. स्वतःच्या खिशातून मुलांना चहा-बिस्किटं देणारे. त्यांची पद्धत मात्र अशी : सर वाक्य म्हणून दाखवणार, मूल ते तसंच म्हणणार. "आवाज वर घे. इथं थांब. आता मान वळव." चुकलं की पुन्हा. दहा वेळा, वीस वेळा, बरोबर येईपर्यंत.

हे दृश्य आपल्या ओळखीचं आहे. घोटून घेणं, सराव चाचणी, चुका शून्यावर आणणं, हा तर लातूर पॅटर्न. त्या पॅटर्नला मी नावं ठेवणार नाही. खेड्यापाड्यातल्या किती पोरांना त्यानं मेडिकल-इंजिनिअरिंगच्या दारापर्यंत नेलं, हे आपण घरात बघितलंय. पण ती पद्धत उत्तर आधीच ठरलेल्या प्रश्नासाठी आहे. नाटकात समोरचा मुलगा आज वेगळ्या सुरात बोलला तर आपण काय करायचं, हे शिकायचं असतं, आणि त्याचं उत्तर आधी ठरलेलं नसतं. सरांनी मान वळवायला सांगितली म्हणून वळवलेली मान आणि समोरच्याचं ऐकून वळलेली मान, प्रेक्षकांना दोन्ही सारख्याच दिसतात. मुलाच्या बाजूनं मात्र पहिल्यात पाठांतर आहे आणि दुसऱ्यात कौशल्य.

दोष एकट्या सरांचा नाही. माध्यमिक शाळेत चित्रकलेला निदान शिक्षक असतो, नाटकाचं पद सहसा नसतंच. आपल्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठात नांदेडला ललित व प्रयोगजीवी कला संकुल आहे, तिथं नाटकाचं शिक्षण मिळतं. पण ते घेतलेल्या पोरांसाठी शाळेत नियमित जागा नाही. मग नाटक मराठीच्या किंवा इतिहासाच्या सरांकडे येतं, तेही तास संपल्यावर. 2020 चं राष्ट्रीय शैक्षणिक धोरण कला आणि इतर विषयांतली भिंत पाडा म्हणतं, 2023 चा शालेय शिक्षणाचा राष्ट्रीय आराखडा नाट्याला कलाशिक्षणात चित्र, संगीत, नृत्य यांच्या बरोबरीनं मांडतो. कागदावरचं हे नाट्य वेळापत्रकातल्या कोणत्या तासाला बसणार, हा प्रश्न तुमच्या प्रबंधात हवा.

धीट मुलं आणि माझी प्रश्नावली

आता नमुना निवडीकडे या. नाटकात कोण घेतलं जातं? खणखणीत आवाजाची, पाठांतर पक्कं असलेली, आधीच धीट असलेली मुलं. मग आपण त्यांना पूर्वचाचणी-उत्तरचाचणी देतो, 'आत्मविश्वास' मोजतो आणि म्हणतो की नाटकानं आत्मविश्वास वाढला. अहो, तो निवडीतच आला होता! न निवडलेली मुलं तुमच्या तक्त्यात आहेत का? नसतील, तर तुमचं साधन नाटक मोजत नाही, सरांची निवड मोजतंय.

माझ्याकडून नेमकी हीच चूक झाली. त्या शाळेत नववीतली एक मुलगी होती, गर्दीतली बाई. तिला एकच वाक्य. मधल्या सुट्टीत ती मैत्रिणींना आपल्या आजीची नक्कल करून दाखवायची. टँकरपाशी आजी शेजारणीला कसं बोलते, ते. "काय करायलीस गं, माझी घागर कुठं सरकवलीस?" कमरेवर हात, मधेच थांबणं, समोरचीचं हसू बघून पुढचं वाक्य बदलणं, सगळं तिच्यापाशी होतं. तालमीत तिनं आपलं एकमेव वाक्य त्याच ठसक्यात म्हटलं, तर सर म्हणाले, "शुद्ध बोल." तिनं शुद्ध म्हटलं. वाक्य बरोबर आलं आणि बाई गेली. माझ्या प्रश्नावलीत तिच्यापुढे नोंद झाली : 'लक्षणीय फरक नाही.' त्या दिवशी मी पाहिलेलं सगळ्यात चांगलं नाट्यकौशल्य मधल्या सुट्टीत होतं, आणि ते धरायला माझ्याकडे रकाना नव्हता.

भाषेचा हा मुद्दा आपल्या दोन जिल्ह्यांत फार महत्त्वाचा आहे. देगलूर-बिलोली-धर्माबादकडे तेलुगू-कन्नड घरात आहे, किनवटकडे गोंडी आणि बंजारा बोली आहे, उदगीर-देवणी कर्नाटकाला लागून आहेत, शिवाय दखनी सगळीकडे. या मुलांना प्रमाण मराठी शाळेतच भेटते. आणि स्पर्धेच्या नाटकात मराठवाडी बोली कुणाच्या तोंडी असते, ते मोजून बघा. बहुतेक वेळा हसवणाऱ्या पात्राच्या. 'आई', 'शिक्षक', 'आदर्श विद्यार्थी' प्रमाण बोलतात. मूल यातून काहीतरी शिकतंच : आपली भाषा हसण्यापुरती आहे. हाही 'व्यक्तिमत्त्व विकासा'वरचा परिणामच झाला, पण तो कोणत्या प्रश्नावलीत येतो? सिनॉप्सिसमध्ये 'विशेष संदर्भ नांदेड व लातूर' असं लिहिलं असेल, तर या भाषा त्या संदर्भात याव्यात. नाहीतर ती दोन नावं फक्त प्रवासखर्च वाचवण्यासाठी आहेत असं वाटतं.

परदेशी पुरावा जपून वापरा

'नाटकानं गुण वाढतात' असं वाक्य आपण पूर्वसंशोधनाच्या आढाव्यात सहज टाकतो. मूळ पुरावा काय सांगतो? हार्वर्डच्या 'प्रोजेक्ट झीरो'मध्ये एलन विनर आणि लोइस हेटलँड यांनी कला आणि अभ्यास यांच्या नात्यावरचे अभ्यास एकत्र करून तपासले. 2000 मध्ये ते प्रसिद्ध झाले. कलांमुळे इतर विषयांत प्रगती होते या बहुतेक दाव्यांना तिथं भक्कम आधार मिळाला नाही. ज्या मोजक्या ठिकाणी मिळाला, त्यातलं एक नाट्य होतं. त्यातला नाट्याचा भाग ॲन पॉडलोझ्नी यांचा. त्यांनी 80 अभ्यास तपासले आणि नाट्यामुळे मुलांची भाषिक क्षमता, विशेषतः गोष्टीचं आकलन, सुधारतं असा निष्कर्ष काढला. ज्या गोष्टी मुलांनी करून पाहिल्या त्यांत फायदा जास्त, पण नव्या मजकुरातही काही प्रमाणात तो दिसला.

पण एक गोष्ट बघा. हे अभ्यास वर्गनाट्याचे आहेत, म्हणजे आपल्या तिसऱ्या प्रकाराचे. त्यांचा आधार घेऊन स्पर्धेच्या एकांकिकेबद्दल काही सिद्ध करता येत नाही. पुरावा एका गोष्टीचा आणि दावा दुसरीचा, असं आपल्याकडे सर्रास चालतं.

मग वर्गनाट्य दिसतं कसं?

इंग्लंडमध्ये डोरोथी हीथकोट यांनी एक पद्धत रुजवली : शिक्षकानं स्वतः भूमिकेत शिरायचं. आपल्या मातीत ती कशी दिसेल, ते सांगतो.

2016 चा उन्हाळा. लातूर शहराला पाणी नाही, पाणी भरण्याच्या जागांवर जमावबंदी, आणि 12 एप्रिलला मिरजेहून पाण्याची पहिली रेल्वे लातुरात पोचली. दहा वाघिणी, सुमारे पाच लाख लिटर पाणी. आजच्या नववीच्या मुलांनी हे घरात ऐकलेलं असतं. बाई वर्गात येतात आणि म्हणतात, "मी टँकरवाली. पाणी अर्ध्याच गल्लीला पुरेल. कुणाला देऊ, तुम्ही ठरवा." मुलं गल्ली होतात. कुणी तान्हं बाळ असलेली आई, कुणी हॉटेलवाला, कुणी ट्यूशनसाठी खोली करून राहिलेला विद्यार्थी, कुणी गोठ्याचा मालक. स्टेज नाही, ड्रेपरी नाही, एक तास पुरतो. बाईंकडे उत्तर नाही, त्यामुळे मुलांना एकमेकांचं ऐकावंच लागतं. शेवटी प्रत्येकानं दोन ओळी लिहायच्या : मी काय मागितलं, आणि कुणाचं ऐकून माझं मत बदललं.

इथं आजीची ती नक्कल चालली असती, किंबहुना तीच सगळ्यात उपयोगी पडली असती.

एक सावधगिरी मात्र ठेवा. दुष्काळ, कर्ज, 1993 चा किल्लारीचा भूकंप हे आपल्या मुलांसाठी फक्त 'विषय' नाहीत, काहींच्या घरात जखमा आहेत. नको म्हणणाऱ्या मुलाला नुसतं बघत बसायची मुभा हवी. शाळेची आणि पालकांची लेखी संमती घ्याच, पण मुलालाही विचारा.

तुमच्यासाठी गृहपाठ

प्रश्नावली टाकून द्या असं मी म्हणत नाही. तिच्याआधी वही उघडा. पहिल्या तालमीपासून बसा, प्रयोगाच्या दिवशी पाहुणे म्हणून जाऊ नका. तीन गोष्टी नोंदवा : निर्णय कोण घेतं, कोण किती वेळ बोलतं, आणि चुकल्यावर पुढे काय होतं. न निवडलेल्या मुलांशीही बोला. मधली सुट्टी सोडू नका.

आणि शीर्षक? माझं आता असं आहे : "इयत्ता नववीच्या वर्गात नाट्यकृतींतून ऐकणे व बोलणे या कौशल्यांत होणारे बदल : लातूर जिल्ह्यातील दोन शाळांचा निरीक्षणात्मक अभ्यास." भारदस्त नाही, मान्य. एक जिल्हा गेला, 'व्यक्तिमत्त्व' गेलं, 'योगदान' गेलं. पण आता मला कुणी विचारलं की तू नेमकं काय बघायला जातोस, तर एका वाक्यात सांगता येतं.

तुमचं शीर्षक घ्या आणि त्यातल्या प्रत्येक शब्दाला विचारा : हे मला शाळेत गेल्यावर डोळ्यांनी दिसणार आहे का? ज्या शब्दाचं उत्तर 'नाही' येईल, त्याच्यावर आरआरसीच्या आधी तुम्हीच काट मारा.