सुनीती नामजोशी : प्राणिकथेतला ‘मी’

सुनीती नामजोशी यांना मराठी समीक्षेने आपले का मानले नाही? १९४१ साली मुंबईत जन्मलेल्या, फलटणच्या निंबाळकर घराण्यात आजोळ असलेल्या या लेखिकेने आई सरोजिनी नामजोशी यांच्यासमवेत गोविंदाग्रजांच्या कवितांचा इंग्रजी अनुवाद केला (१९६८). पुढे प्रशासकीय सेवा सोडून त्या कॅनडात गेल्या, टोरांटो विद्यापीठात अध्यापन करू लागल्या आणि कालांतराने इंग्लंडमध्ये स्थायिक झाल्या. त्यांचे लेखन इंग्रजीत झाले आणि त्यात समलिंगी स्त्रीचा ‘मी’ उघडपणे वावरू लागला. यांपैकी आपल्याला अधिक अडचणीचे काय वाटले, हे ओळखणे कठीण नाही.

हा विषय भारतीय कथेला नवा नव्हता. लखनौच्या इझाबेला थोबर्न महाविद्यालयात शिकलेल्या इस्मत चुगताई यांनी ‘लिहाफ’मध्ये (१९४२) तो एका लहान मुलीच्या अर्धवट उमजेतून मांडला. तेथे मुलीला जे कळत नाही ते वाचकाला कळते. नामजोशींची वाट नेमकी उलट आहे. ‘कॉन्व्हर्सेशन्स ऑफ काऊ’मधील (१९८५) निवेदिका सुनीतीच आहे आणि स्वतःविषयी तिला पुरती खात्री आहे. परंतु तिची सखी भद्रावती ही ब्राह्मणी गाय कधी पुरुष होते, कधी स्त्री, आणि निवेदिकेची सारी वर्गवारी कोलमडते. प्राणी येथे आडपडदा म्हणून आलेला नाही.

‘फेमिनिस्ट फेबल्स’मध्ये (१९८१) पंचतंत्र, इसाप, परीकथा यांची हीच उलथापालथ आढळते. महानुभावांच्या दृष्टांतपाठात दृष्टांताला दार्ष्टांतिक जोडलेले असते. नामजोशींच्या कथांत ती जागा बहुधा रिकामी राहते. तात्पर्य हाती येत आहे असे वाटते, तोच शेवटचे वाक्य ते काढून घेते. स्वपक्षालाही त्या सोडत नाहीत. ‘द मदर्स ऑफ माया दीप’मधील (१९८९) स्त्रीराज्य पुरुषांशी तितक्याच निर्दयपणे वागते. ‘बिल्डिंग बॅबेल’मध्ये (१९९६) मात्र कल्पनेचा भार कथेला पेलत नाही, असे वाटते.

‘गोजा’ (२०००) या आत्मचरित्रात्मक पुस्तकात प्राण्यांचा आधारही उरत नाही. एका बाजूला राजघराण्यातील आजी, दुसऱ्या बाजूला लेखिकेला सांभाळणारी मोलकरीण गोजा. स्वतः समाजाच्या कडेला ढकलली गेलेली स्त्री येथे गोजाच्या श्रमाचा हिशेब मांडू पाहते, क्षमा मागते, वाद घालते. आणि हे सारे ज्या इंग्रजीत चालते, ती गोजाला येत नव्हती.