धून कोणाची, राग कोणाचा? कुमार गंधर्वांच्या निर्मितीविषयी

कुमार गंधर्वांना आपण सगळे गायक म्हणून ओळखतो. आज आपण त्यांच्याकडे रचनाकार म्हणून बघणार आहोत, आणि त्यांच्या रचनेला एकच प्रश्न विचारणार आहोत: धून कोणाची आणि राग कोणाचा?

आधी चरित्र, थोडक्यात. जन्म ८ एप्रिल १९२४, बेळगाव जिल्ह्यातलं सुळेभावी. मूळ नाव शिवपुत्र कोमकळी. तालीम मुंबईत, प्रा. बी. आर. देवधरांकडे. ऐन तारुण्यात क्षय झाला, आणि कोरड्या हवेसाठी जानेवारी १९४८ मध्ये ते माळव्यात, देवासला गेले. पुढची काही वर्षं गाणं बंद. गाणाऱ्या माणसावर नुसतं ऐकत राहण्याची सक्ती झाली. त्या दिवसांत त्यांच्या कानावर काय पडलं? लग्नाला, सणाला, पावसाळ्यात बायका म्हणतात ती माळवी गाणी.

अशी धून असते चार-पाच स्वरांची. गाणारीला राग ठाऊक नसतो, तिला प्रसंग ठाऊक असतो. कुमारांनी त्या धुनांत रागाचं बीज पाहिलं, आणि त्यातून जे राग उभे राहिले त्यांना नाव दिलं 'धुनउगम राग'. मालवती, संजारी, सहेली तोडी, लगनगांधार ही नावं तुम्ही ऐकली असतील. १९६५ साली आलेल्या 'अनूपरागविलास' या त्यांच्या ग्रंथात अशा रागांतल्या बंदिशी आहेत.

आता हे नवीन आहे का? नाही म्हटलं तरी चालेल. मांड, पहाडी, सोरठ, गुर्जरी ही रागांचीच नावं बघा, प्रत्येक नावात एक मुलूख आहे. मतंगाचा 'बृहद्देशी' हा प्राचीन ग्रंथ देशी संगीताची व्याख्या करतो तेव्हा सांगतो, की स्त्रिया, मुलं, गुराखी आणि राजे आपापल्या मुलखात आवडीनं गातात ते देशी. म्हणजे गाणारी बाई शास्त्राच्या व्याख्येतच बसलेली होती. पुढे घराणी आली, उस्ताद आले, आणि ती दिसेनाशी झाली. कुमारांनी तिच्याकडे जाणारी वाट पुन्हा उघडली. आमच्या मते हे त्यांचं खरं काम. 'नवे राग केले' हे कौतुक त्यापुढे लहान आहे.

तुलनेसाठी फिनलंडकडे वळू. तिथले संगीतकार एइनोयुहानी राउतावारा, जन्म १९२८, म्हणजे कुमारांचे समकालीनच. १९७२ साली त्यांनी 'कांतुस आर्क्टिकुस' रचलं. उत्तरेकडच्या पाणथळ प्रदेशातल्या पक्ष्यांचे आवाज ध्वनिमुद्रित केले आणि वाद्यवृंदाबरोबर तेच आवाज वाजवले. पक्षी रचनेत आहे, स्वतःच्या आवाजात आहे. पण पक्ष्याला श्रेय नको असतं. माणसाचं तसं नाही. इथे प्रश्न नीतीचा होतो.

कुमारांचा मधसुरजा हा राग घ्या. भर दुपारचा राग, आणि बंदिशीत बोलतोय कोण, तर देवीपुढे बळी द्यायला आणलेला बोकड. देवासच्या टेकडीवर देवी आहे. आपल्या कळवण तालुक्यात सप्तशृंगीचा गड आहे, तिथल्या बोकडबळीचा वाद आपल्याला माहीत आहे. त्या वादात भक्त बोलतात, प्रशासन बोलतं, न्यायालय बोलतं. बोकडाला बोलतं केलं ते एका बंदिशीनं. ज्याला वाचा नाही त्याला वाचा देणं, ही कुमारांची मोठी शक्ती.

म्हणूनच आमचा आक्षेप इथे उभा राहतो. 'धुनउगम' या शब्दात प्रामाणिकपणा आहे. उगम दुसरीकडे आहे, हे रचनाकार नावातच कबूल करतो. पण ते नाव धुनेपाशी थांबतं, धून म्हणणारीपर्यंत जात नाही. बोकड बोलला, ती मात्र निनावी राहिली. कोणी म्हणेल, लोकगीताला कर्ता नसतोच. बरोबर, कर्ता नसतो. पण राखणारी असते! आईकडून घेऊन लेकीला देणारी असते. कर्ता नाही म्हणून राखणारीही नाही, हा तर्क चुकीचा आहे.

अर्थात राग हा कुमारांचाच. चार स्वरांच्या धुनेला तिन्ही सप्तकांचा विस्तार द्यायचा आणि तरी तिचा चेहरा हरवू द्यायचा नाही, ही साधना ऐऱ्यागैऱ्याची नव्हे. धून तिची आणि राग त्यांचा, ही दोन्ही विधानं एकाच वेळी खरी आहेत. आपली सवय मात्र एकच खरं मानायची.

हे सगळं कळवणमध्ये कशासाठी सांगायचं? कारण मार्गशीर्षात आपल्या डोंगराळ पाड्यांवर डोंगऱ्या देवाचा उत्सव होतो. भोपळा, बांबू आणि शिंग यांची पावरी वाजते, माऊल्या नाचतात. आज कोणीही ते मोबाईलवर टिपू शकतो आणि उद्या त्यावर गाणं करू शकतो. करावं, जरूर करावं. धून बंद पेटीत जगत नाही. पण ज्या पावरकराकडून घेतलं त्याचं नाव, त्याच्या पाड्याचं नाव सोबत लिहावं. कुमारांच्या काळात जे राहून गेलं, ते आपल्याला एका ओळीत करता येण्यासारखं आहे.

कुमार १२ जानेवारी १९९२ रोजी गेले. त्यांचे राग आज गायले जातात, ध्वनिमुद्रणं सहज मिळतात. या आठवड्यात मधसुरजा आणि मालवती ऐका. आणि जमलं तर घरातल्या एखाद्या आजीला जात्यावरची ओवी म्हणायला सांगा, तीही तितक्याच लक्षपूर्वक ऐका. प्रश्न असतील तर आता घेऊ.