काढलेला फाळका कुठे जातो? गोदामातील ट्रॉलीच्या सुट्या बाजूंची समीक्षा

यंत्ररचनेच्या अभ्यासात सोपा वाटणारा एक विषय म्हणजे माल वाहणाऱ्या ट्रॉलीला काढता-घालता येणाऱ्या बाजू बसवणे. चार चाके, वर सपाट पाटा आणि चारही कडांना उभे फाळके. ट्रकच्या बाजूंना आपण फाळका म्हणतो, तोच शब्द इथेही वापरू. पोती, खोकी, सुटे भाग न्यायचे असतील तेव्हा फाळके लावायचे आणि लांब पाइप किंवा रुंद पेटी न्यायची असेल तेव्हा काढायचे. यात अवघड काय, असे तुम्हाला वाटेल. या टिपणात आपण या रचनेकडे टीकाकाराच्या नजरेने पाहणार आहोत. बाजारात जी ट्रॉली सर्रास मिळते आणि प्रकल्प-अहवालांत जी पुन्हा पुन्हा काढली जाते, तिच्यात फाळका लावलेल्या अवस्थेचा विचार असतो. तो काढल्यानंतरच्या अवस्थेचा जवळपास नसतोच. 'सुटा' हा शब्द शीर्षकात येतो आणि आकृतीत हरवतो.

उदाहरणासाठी आपण भिलाई घेऊ. २ फेब्रुवारी १९५५ रोजी भारत आणि सोव्हिएत संघ यांच्यात इथल्या पोलाद कारखान्याचा करार झाला आणि ४ फेब्रुवारी १९५९ रोजी पहिली झोतभट्टी सुरू झाली. आज तिथे १३० मीटर लांबीचा एकसंध रूळ तयार होतो. तो अर्थातच कोणाच्या ट्रॉलीवर येत नाही. पण पोलादाच्या अशा गावात भट्टीमागे भांडार असते आणि भांडारात बेअरिंगची खोकी, उष्णतारोधक विटा, हातमोज्यांचे गठ्ठे, वेल्डिंगच्या सळ्या, झडपा, पाइपांचे तुकडे असा अठरापगड माल असतो. एकाच ट्रॉलीला सकाळी पोती आणि दुपारी पाइप न्यावे लागतात. म्हणून सुट्या फाळक्यांची गरज इथे खरी आहे. लाइट इंडस्ट्रियल एरियासारख्या वसाहतीत ती बनवून देणारे वेल्डरही हाताशी आहेत. लोखंडाच्या गावात एक मोह मात्र फार असतो. काही वाकले की जाड करा!

आता नेहमीची रचना तपासू. पाटा १२०० × ८०० मिलिमीटर, फाळक्याची उंची ६०० मिलिमीटर. चौकट २५ × २५ × २ मिलिमीटरच्या चौकोनी नळीची, तिच्यावर १.६ मिलिमीटर जाडीचा पत्रा. चौकटीचे दोन पाय खाली पाट्याच्या खोबणीत उतरतात. पोलादाची घनता घनमीटरला ७८५० किलो धरली, तर लांब बाजूच्या फाळक्याचा पत्रा भरतो सुमारे ९ किलो आणि चौकट, खोबणीतले पाय न धरता, सुमारे ५.२ किलो. एकूण १४ किलोंच्या आसपास. पत्र्याऐवजी ५० मिलिमीटर घराची, ३ मिलिमीटर तारेची जाळी लावली, तर जाळीचे वजन दीड किलोच्या थोडे वर जाते आणि फाळका ७ किलोंच्या आत येतो.

'१४ किलो म्हणजे काही फार नाही,' असे अहवालात लिहिलेले असते. हमालाच्या पाठीवर त्याच्या कितीतरी पट ओझे असते, हे खरे. पण वजन हातात कुठे आहे, हेही पाहायला हवे. उचलण्यासाठी अमेरिकेच्या निओश संस्थेचे १९९१ चे जे सूत्र शिकवले जाते, त्यात सर्वांत अनुकूल स्थितीतली मर्यादा २३ किलो आहे. ती ओझे शरीरापासून २५ सेंटिमीटरवर असेल तेव्हाची. हेच अंतर ५० सेंटिमीटर झाले, की मर्यादा निम्मी, म्हणजे ११.५ किलो. बाकीचे गुणक ती आणखी कमीच करतात. ट्रॉलीच्या पलीकडचा फाळका पाट्यावरून वाकून काढणाऱ्याचे हात सहज तेवढे लांब जातात. पत्र्याचा फाळका या कसोटीत नापास होतो, जाळीचा पास होतो. १९४८ च्या कारखाने अधिनियमातील कलम ३४ ने इजा होईल इतके ओझे कामगाराला उचलायला लावू नये, असे सांगितले होते. रचनाकाराने हे कलम ट्रॉलीत भरायच्या मालाइतकेच ट्रॉलीच्या भागांनाही लावायला हवे. दिवसातून वीस वेळा फाळका काढायचा असेल, तर तोही मालच झाला.

यानंतर बळाचा प्रश्न. ४०० किलो पोती भरलेली ट्रॉली सेकंदाला १.२ मीटर वेगाने, म्हणजे साधारण चालण्याच्या वेगाने, ढकलली जात आहे. पुढची चाके दाराच्या उंबऱ्याला धडकली आणि ती ०.१ सेकंदात थांबली असे ढोबळ मानू. मंदन झाले १२ मीटर प्रति सेकंद वर्ग, गुरुत्वीय त्वरणापेक्षाही जास्त. पोत्यांवर ४८०० न्यूटनचे बळ हवे. पाट्याचे घर्षण, गुणांक ०.३ धरून, त्यातले सुमारे १२०० न्यूटन पेलते. उरलेले ३६०० न्यूटन पुढच्या आडव्या फाळक्यावर येतात. हे बळ साधारण ३०० मिलिमीटर उंचीवर लागते असे धरले, तर पायथ्याशी १०८० न्यूटन-मीटर आघूर्ण, दोन पायांत वाटून प्रत्येकी ५४०. २५ मिलिमीटरच्या त्या नळीत यामुळे सुमारे ४१३ मेगापास्कल प्रतिबल येते. साधे बांधकामाचे पोलाद २५० मेगापास्कलला कायमचे वाकू लागते. म्हणजे एका उंबऱ्यात फाळक्याचे पाय वाकतील. आणि वाकलेला पाय खोबणीतून बाहेर येत नाही. सुटा फाळका त्या दिवसापासून पक्का होतो.

इथे जाड करण्याचा मोह आडवा येतो. पाय ४० × ४० × ३ मिलिमीटरचे घेतले, की प्रतिबल १०६ मेगापास्कलवर उतरते आणि संगणकावरचे चित्र लाल रंगातून निळ्याकडे जाते. अहवाल तिथे संपतो. पण लांब फाळक्याच्या मागे सुमारे तीन किलो वजन वाढले, म्हणजे आपण वाचवलेल्या सात किलोंपैकी जवळपास निम्मे परत दिले. चित्र निळे झाले आणि उचलणाऱ्याचे काम वाढले. त्या चित्रात उचलणारा नसतोच.

दुसरा मार्ग आहे. शेजारच्या दोन फाळक्यांचे वरचे कोपरे एकमेकांना खिटीने अडकवा. आता पुढचा फाळका खाली पाट्यावर आणि वर दोन कोपऱ्यांवर टेकतो. बळ मध्यावर असल्याने निम्मे, म्हणजे १८०० न्यूटन वर जाते. प्रत्येक कोपऱ्यावर ९००. ते लांब फाळक्याच्या लांबीच्या दिशेने लागते आणि त्या दिशेने तो भक्कम असतो. खोबणीतले आघूर्ण जवळपास नाहीसे होते. बारीक नळी पुरते. चांगल्या प्रतीच्या ट्रॉलींत ही खिटी दिसते आणि तिचे कौतुक करायलाच हवे.

पण आता एक लांब बाजू काढा. पाइप ठेवायचे आहेत, म्हणूनच तर फाळके सुटे केले होते. पुढच्या आणि मागच्या फाळक्याचा एकेक वरचा कोपरा मोकळा सुटला. ज्या पायाचे आघूर्ण आपण शून्य मानले होते, तो पुन्हा एकटा उभा आहे. चार बाजूंची ट्रॉली आणि तीन बाजूंची ट्रॉली या दोन वेगळ्या रचना आहेत. त्यांचे गणितही वेगळे मांडावे लागते. काढण्याजोगे चार फाळके असतील, तर लावण्या-काढण्याच्या सोळा अवस्था होतात. त्यांतल्या बऱ्याच सारख्या असतात, पण 'सगळे लावलेले' ही एकच अवस्था तपासून 'सुट्या फाळक्यांची रचना सुरक्षित आहे' असा निष्कर्ष काढणे ही माझ्या मते या विषयातली सर्वांत मोठी चूक आहे. उपाय महागडा नाही. मालट्रकच्या समोरासमोरच्या फाळक्यांमध्ये साखळी ताणलेली तुम्ही पाहिली असेल. तशीच एक साखळी ट्रॉलीच्या मोकळ्या झालेल्या बाजूवर, वरच्या कोपऱ्यातून कोपऱ्यात बांधता येते. पुढचा पाय एकटा न पडता मागच्या पायाला ओढीत घेतो आणि भार वाटला जातो. साखळी ट्रॉलीलाच कायमची जोडलेली हवी. नाहीतर तीही हरवते.

आता काढण्याची क्रिया. दोन पाय एकमेकांपासून ११०० मिलिमीटरवर, खोबणी १२० मिलिमीटर खोल. कामगाराने फाळका एका टोकाला धरून वर ओढला तर काय होईल? कपाटाचा रुंद खण एका बाजूने ओढल्यावर अडकतो, तेच. गणित असे, की ओढण्याची जागा मध्यापासून जितकी दूर, त्याला घर्षण-गुणांकाने आणि २ ने गुणा. उत्तर खोबणीच्या खोलीपेक्षा मोठे आले, की कितीही ओढा, अडकणारच. इथे २ × ०.३ × ५५० म्हणजे ३३०, खोली फक्त १२०. मध्यापासून २०० मिलिमीटरच्या आत ओढले तरच फाळका निघेल. खोबणी खोल केली तर अडकणे कमी होईल, पण फाळका तेवढाच जास्त उंच उचलावा लागेल. अडकलेल्या फाळक्यावर मग हातोडी चालते. हातोडीचा घाव बसलेला पाय पुढच्या वेळी आणखी घट्ट अडकतो.

यावर आपल्याकडची जुनी रचना आठवून पाहा. बैलगाडीच्या दोन्ही बाजूंना उभे खुंट भोकांत रोवतात आणि शेणखत किंवा धान्य भरायचे असेल, तर आतून बांबूची तट्टी लावतात. खुंट वाकण्याचे आघूर्ण घेतो, तट्टी फक्त माल पसरू देत नाही. दोन कामे दोन वस्तूंना वाटून दिली आहेत. प्रत्येक खुंट एकेकटा निघतो, म्हणून दोन पायांच्या अडकण्याचा प्रश्नच येत नाही. एक खुंट मोडला तर तेवढाच बदलतात. कडबा न्यायचा असेल तर तट्टी काढून खुंट तसेच ठेवतात. हे परंपरेचे गुणगान म्हणून सांगत नाही. बैलगाडीची तट्टी गोदामात दोन दिवस टिकणार नाही. पण चौकट आणि पाय एकाच तुकड्यात वेल्ड करण्याची सवय आपण न विचारता स्वीकारली आहे, हे या तुलनेतून दिसते. तुकडा एकच ठेवायचा असेल, तर निदान एक पाय दुसऱ्यापेक्षा ३० मिलिमीटर लांब करा. आधी लांब पाय बसतो, मग आखूड. दोन्ही भोके एकाच वेळी नजरेने जुळवण्याची कसरत वाचते.

ट्रकचा फाळका तर निघतच नाही, बिजागरीवर खाली पडतो, म्हणून हरवतही नाही. मग ट्रॉलीलाही बिजागरीच का लावू नये? कारण उंची. ट्रकचा पाटा जमिनीपासून मीटरभर वर असतो. ट्रॉलीचा असतो ३०० मिलिमीटरच्या आसपास. ६०० मिलिमीटरचा फाळका खाली पाडला, तर तो जमिनीवर आडवा पसरेल. तो मधोमध दुमडणारा केला, तरच बिजागरी जमते, आणि मग मधल्या सांध्यात बोट सापडण्याची भीती येते. बोटांसाठी सुरक्षिततेच्या मानकांत किमान २५ मिलिमीटर मोकळी जागा मागितली जाते. साध्या फाळक्यातही खालची पट्टी पाट्यावर टेकते तिथे हीच भीती असते. तिथे २५ मिलिमीटरची फट ठेवली तर लहान माल गळतो. म्हणून पकडण्याची जागा वरच्या पट्टीत, मध्याजवळ द्यावी. हात खाली जाणारच नाही आणि वरचे २०० मिलिमीटरचे गणितही पाळले जाईल.

अदलाबदलीचा मुद्दा कारागिराच्या टेबलावर ठरतो. भिलाईत मे महिन्यात पारा ४४-४५ अंशांवर जातो, म्हणून विद्यार्थी तापमानाने होणाऱ्या प्रसरणावर पानभर लिहितात. १२०० मिलिमीटरचे पोलाद ४५ अंशांच्या फरकाने ०.६५ मिलिमीटर वाढते. वेल्डिंगच्या आचेने चौकट त्याहून कितीतरी जास्त, दोन-चार मिलिमीटर सहज ओढली जाते. ठरावीक साच्यात पकडून वेल्ड केले नाही, तर पाचव्या ट्रॉलीचा फाळका सहाव्या ट्रॉलीत बसणार नाही, आणि गोदामात फाळके आपापली ट्रॉली ओळखून परत येत नाहीत. खोबणीसाठी ५० × ५० × ३ ची नळी घ्या. आतली मोकळी रुंदी ४४, पाय ४० चा, एकूण ४ मिलिमीटर सैल. फाळका वरच्या टोकाला थोडा डुलेल, पण कोपऱ्याची खिटी तो आवळून धरेल. खाली सैल, वर आवळ. बारीक नळीची चौकट ठेवायची असेल, तर फक्त पायांपुरता ४० चा तुकडा तिला जोडा. खोबणी तळाशी उघडी असू द्या. बंद खोबणीत धूळ, लोखंडाचा कीस आणि पावसाचे पाणी साठून ती दोन पावसाळ्यांत भरते. उन्हाचा त्रास व्हायचा तो हाताला होतो. उघड्यावर तापलेल्या पोलादाला कामगार हातमोजा घालून हात लावतो, म्हणून खिटी हातमोज्यासकट उघडता आली पाहिजे.

राहिला शीर्षकातला प्रश्न. काढलेला फाळका बहुधा भिंतीला टेकवला जातो, तिथून तो घसरतो, किंवा वाटेत आडवा पडतो आणि दुसऱ्या ट्रॉलीखाली येतो. काही दिवसांनी तो कोणीतरी रॅकवर फळी म्हणून वापरतो. ट्रॉली उरते तीन बाजूंची. याची जबाबदारी कामगाराच्या बेशिस्तीवर टाकली जाते. मला ते पटत नाही. आकृतीत काढलेल्या फाळक्याला जागा दिलेलीच नव्हती. पाट्याच्या खाली, चाकांच्या वर, साधारण १०० मिलिमीटरची जागा मोकळी असते. तिथे दोन कोनपट्ट्या लावल्या, की १२०० × ८०० च्या पाट्याखाली ६०० रुंदीचा एक फाळका, दोन पाय धरूनही, आडवा सरकवता येतो. पाय ७२० मिलिमीटरपर्यंत पोचतात, पाटा ८०० चा आहे.

स्वाध्याय म्हणून तुमच्या महाविद्यालयाच्या कार्यशाळेतली किंवा जवळच्या गोदामातली एक ट्रॉली घ्या. परवानगी घेऊन तिचा एक फाळका काढा आणि मोजा: वजन, पायांमधले अंतर, खोबणीची खोली, पकडण्याच्या जागेचे मध्यापासूनचे अंतर. तो त्याच ट्रॉलीच्या समोरच्या बाजूला बसतो का, ते पाहा. मग ट्रॉली वापरणाऱ्याला विचारा, की या ट्रॉलीचे बाकीचे फाळके कुठे आहेत.