राजाची तार आणि शेताचा कर्ण : ‘मॅथ-मॅजिक’मधील क्षेत्रफळविषयक पाठाची चिकित्सा

शालेय पाठ्यपुस्तकाकडे समीक्षेचा विषय म्हणून पाहण्याची प्रथा आपल्याकडे फारशी रुजलेली नाही. भाषेच्या पुस्तकातील एखाद्या धड्यावरून वाद होतात, इतिहासाच्या पुस्तकावरून तर होतातच. गणिताचे पुस्तक मात्र उदाहरणांची उत्तरे बरोबर असली की निर्दोष मानले जाते. वास्तविक गणिताचा पाठ हाही एक रचलेला मजकूर असतो. त्यात काय आधी सांगावयाचे, काय विद्यार्थ्याने शोधावयाचे आणि काय अनुच्चारित ठेवावयाचे, याविषयी लेखकांनी निर्णय घेतलेले असतात. ते निर्णय तपासता येतात. राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखडा २००५ च्या अनुषंगाने राष्ट्रीय शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेने इयत्ता पाचवीसाठी २००८ मध्ये ‘मॅथ-मॅजिक’ हे पुस्तक प्रसिद्ध केले. हिंदीत ते ‘गणित का जादू’ या नावाने आले. त्यातील ‘क्षेत्रफल और घेरा’ या अकराव्या पाठाचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे. २०२५ मध्ये पाचवीसाठी ‘मॅथ्स मेला’ हे नवे पुस्तक आले आणि ‘मॅथ-मॅजिक’ मागे पडले. तथापि मापनाच्या अध्यापनात या पाठाने जे साधले आणि जे निसटू दिले, त्याचे महत्त्व पुस्तक बदलल्याने कमी होत नाही.

परिमिती आणि क्षेत्रफळ यांच्या अध्यापनातील मूळ अडचण सूत्रांतच दडलेली आहे. आयताच्या परिमितीसाठी लांबी व रुंदी यांची बेरीज करून दुप्पट करावयाची, क्षेत्रफळासाठी त्याच दोन संख्यांचा गुणाकार करावयाचा. दोन्ही ठिकाणी सामग्री एकच. भेद केवळ क्रियेचा. परिणामी विद्यार्थ्याच्या लेखी ही एका आकृतीची दोन भिन्न मापे न राहता एका जोडीवर करावयाच्या दोन क्रिया ठरतात आणि ‘सेंमी’ की ‘चौसेंमी’ हा उत्तरापुढे शेवटी चिकटवावयाचा शिक्का होतो. आपली परिभाषाही यात थोडी सहभागी आहे. ‘परिमिती’ या शब्दात सभोवारच्या मापाचा अर्थ स्पष्ट आहे. ‘क्षेत्रफळ’ आणि ‘घनफळ’ या शब्दांतील ‘फळ’ मात्र हिशेबाच्या निष्पत्तीकडे बोट दाखवते. क्षेत्र किती पसरले आहे, हा अर्थ त्यातून आपसूक निघत नाही. गुणाकार केला की फळ मिळते, एवढेच मुलाच्या मनात राहते.

या पार्श्वभूमीवर सदर पाठाची मांडणी लक्षणीय वाटते. तिसऱ्या पाठात चौकटीच्या कागदावर तिकिटे ठेवून प्रत्येक तिकिटाने किती चौरस झाकले, हे मुलांनी मोजलेले असते. अकराव्या पाठाचा आरंभ आंबापोळीच्या दोन तुकड्यांनी होतो : मोठा तुकडा कोणाचा? हा प्रश्न सूत्राचा नाही, हक्काचा आहे, आणि पाचवीच्या मुलाला तो तत्काळ कळतो. पुढे एक शेतकरी स्त्री आपली जमीन तीन मुलांत सारखी वाटते; प्रत्येकाच्या वाट्याला एकेक झाड यावे, अशी तिची अट आहे. वाटे समान होतात, पण कुंपणाला लागणारी तार प्रत्येकाला सारखी लागेलच असे नाही. वारसांची वाटणी ज्या घरांत आजही बोलण्याचा विषय असते, तेथील मुलाला हे उदाहरण परके वाटणार नाही. घेर आणि क्षेत्र या दोन स्वतंत्र राशी आहेत, हे येथे व्याख्येने न सांगता व्यवहारातून सांगितले आहे. पाठाचे पहिले श्रेय हेच.

पाठाचा केंद्रबिंदू मात्र राजाची गोष्ट हा आहे. राजा दोन सुतारांवर प्रसन्न होतो. एकाला तो जमीन देऊ करतो : १०० मीटर तारेने जेवढी वेढता येईल तेवढी. सुतार निरनिराळे आयत करून पाहतो. ४० मीटर लांब व १० मीटर रुंद आयतात ४०० चौरस मीटर जमीन बसते, ३० व २० मीटरच्या आयतात ६०० चौरस मीटर. तार तीच, जमीन मात्र दीडपट. आयतांपुरते पाहिले तर २५ मीटर बाजूच्या चौरसात सर्वाधिक, म्हणजे ६२५ चौरस मीटर जमीन येते. अशा वेळी सुताराची पत्नी वर्तुळ करण्यास सुचवते आणि त्याला ८०० चौरस मीटर जमीन मिळते. मग दुसऱ्या सुताराची पाळी. त्याला द्यावयाची आहे ८०० चौरस मीटर जमिनीभोवतीची सोन्याची तार, आणि त्याचे हित उलट दिशेला आहे : जमीन तेवढीच, घेर जास्तीत जास्त. ४० व २० मीटरच्या आयताला १२० मीटर तार लागते, ८० व १० मीटरच्या आयताला १८० मीटर, आणि ८०० मीटर लांब व १ मीटर रुंद पट्टीला १६०२ मीटर. पट्टी आणखी अरुंद करून ८००० मीटर लांब व १० सेंटिमीटर रुंद केली, तर १६००० मीटरहूनही अधिक. खजिना रिता होईपर्यंत हे चालू राहू शकते.

या गोष्टीचे खरे मर्म तिच्या दोन अर्धांच्या विषमतेत आहे. घेर बांधून दिला तर क्षेत्रफळाला वरची मर्यादा असते. क्षेत्रफळ बांधून दिले तर घेराला वरची मर्यादाच नसते. हे विधान सिद्धतेसह शिकवावयाचे म्हटले तर ते महाविद्यालयीन गणितात जाईल, आणि येथे ते दहा-अकरा वर्षांच्या मुलासमोर दोन लोभी माणसांच्या रूपाने उभे केले आहे. चौदाव्या पाठातील घनफळाची मांडणीही याच जातीची आहे : एकाच आकाराच्या पोस्टकार्डांच्या वेगवेगळ्या नळ्या करावयाच्या आणि कोणत्या नळीत अधिक वाळू मावते ते पाहावयाचे. १४ सेंमी व ९ सेंमी बाजूंचे कार्ड रुंद करून वळवले तर नळीत सुमारे १४० घनसेंमी वाळू मावते, उंच करून वळवले तर सुमारे ९०. कागद तोच. आपल्याकडे वाळू व खडी १०० घनफुटांच्या ब्रासने मोजतात आणि गिलावा अथवा फरशी १०० चौरस फुटांच्या ब्रासने. एकच शब्द दोन राशींना वापरूनही गवंडी कधी गोंधळत नाही, कारण त्याच्यासमोर एकीकडे ढीग असतो आणि दुसरीकडे भिंत. पुस्तकाने मुलासमोर ढीग आणि भिंत आणून ठेवली, हे मान्य करावयास हवे.

आता उणिवांकडे वळू. पहिली उणीव लहान आहे, पण सूचक आहे. वर्तुळाचे ८०० हे क्षेत्रफळ सुताराच्या पत्नीला ठाऊक आहे. कसे ठाऊक, हे पाठ सांगत नाही. (सुतारांना नावे आहेत, तिला नाही, हेही जाता जाता नोंदवावेसे वाटते.) १०० मीटर परिघाच्या वर्तुळाची त्रिज्या सुमारे १५.९ मीटर आणि क्षेत्रफळ सुमारे ७९५.८ चौरस मीटर येते. ते ८०० धरण्यास हरकत नाही. पुढील हिशेब त्यामुळे सोपा होतो. परंतु ज्या पुस्तकाने चौकटी मोजण्याचे साधन मुलाच्या हाती दिले, त्याने ऐन कसोटीच्या क्षणी ते बाजूला ठेवून उत्तर कोणाच्या तरी अधिकारावर स्वीकारावयास लावले. चौकटीच्या कागदावर १५.९ सेंमी त्रिज्येचे वर्तुळ काढून चौरस मोजणे पाचवीच्या वर्गाला अशक्य नव्हते. सूत्राऐवजी मोजणी, या पाठाच्या मूळ प्रतिज्ञेलाच येथे बाध येतो.

दुसरी उणीव अधिक गंभीर आहे. राजाच्या गोष्टीत आयत आहेत आणि एक वर्तुळ आहे. घेर कायम राहूनही क्षेत्रफळ बदलते, याचे कारण मुलाला असे दिसते की बाजूंची लांबी बदलली : ४० व १० ऐवजी ३० व २० झाले. त्यावरून तो सहजच असा ग्रह करून घेईल की चारही बाजू ठरल्या म्हणजे क्षेत्रफळ ठरले. हा ग्रह चुकीचा आहे आणि शाळेबाहेर तो महाग पडतो. याच पाठात १५ सेंमी दोऱ्याची टोके जोडून निरनिराळे आकार करण्याचा खेळ आहे. त्यात चौकोन वाकडा होऊ शकतो खरा, पण दोऱ्याला बांधलेले कोपरे नसल्यामुळे बाजू कायम आणि क्षेत्रफळ बदलते, हा अनुभव त्यातून हाती लागत नाही.

तो महाग कसा पडतो, ते पाहू. महाराष्ट्रात सातबारावर क्षेत्र हेक्टर-आरमध्ये असले तरी बोलण्यात व सौद्यात गुंठा टिकून आहे. ३३ फूट बाजूच्या चौरसाचे क्षेत्र म्हणजे एक गुंठा, अर्थात १०८९ चौरस फूट. असे ४० गुंठे म्हणजे एक एकर. आता ६६ व ३३ फुटांच्या समोरासमोरील बाजू असलेला एक तुकडा घ्या. टेप धरून चारही बाजू मोजल्या, त्या बरोबर भरल्या, गुणाकार केला : २१७८ चौरस फूट, बरोबर दोन गुंठे. परंतु कोपरे काटकोनी नसून तुकडा तिरपा असेल आणि दोन लांब बाजूंमधील लंबांतर ३३ ऐवजी ३० फूट असेल, तर प्रत्यक्ष जमीन १९८० चौरस फूट आहे. १९८ चौरस फुटांचे पैसे न मिळालेल्या जमिनीसाठी गेले. टेपने कोणतीही लबाडी केली नाही आणि परिमिती दोन्ही वेळा १९८ फूटच आहे. (हे दोन आकडे जुळून आले, हा निव्वळ योगायोग, विद्यार्थ्याला मात्र तो विनाकारण गोंधळात टाकेल.)

चारही बाजू असमान असल्या तर समोरासमोरील बाजूंची सरासरी काढून गुणाकार करण्याची रीत व्यवहारात आजही वापरली जाते. ही रीत जुनी आहे. ब्रह्मगुप्ताने ६२८ मधील ‘ब्राह्मस्फुटसिद्धांता’त ती दिली आहे, पण स्थूल फळ म्हणूनच. या रीतीचा दोष एकाच बाजूला झुकणारा आहे. कर्णाने पडलेल्या त्रिकोणाचे क्षेत्रफळ त्याच्या दोन बाजूंच्या गुणाकाराच्या निम्म्यापेक्षा कधीच अधिक नसते. दोन्ही कर्णांनी पडणाऱ्या चारही त्रिकोणांना हे लावून बेरीज केली की सरासरीच्या रीतीने येणारे उत्तर खऱ्या क्षेत्रफळाहून कमी कधीच येत नाही, असे दिसते. आयताखेरीज अन्य प्रत्येक चौकोनात ते जास्तच येते. म्हणजे या रीतीत चूक झाली तर ती दर वेळी घेणाऱ्याच्या अंगावर येते, विकणाऱ्याच्या नव्हे.

भास्कराचार्यांनी ११५० च्या सुमारास ‘लीलावती’त याच ठिकाणी आवाज चढवला आहे. चौकोनाच्या चार बाजू सांगितल्या तरी त्याची स्थिती निश्चित होत नाही. त्यामुळे लंब किंवा कर्ण यांपैकी काही न सांगता जो क्षेत्रफळ विचारतो तो पिशाच आणि जो उत्तर देतो तो त्याहून मोठा पिशाच, असा त्यांचा आशय आहे. एरवी कमळे, हंस आणि भुंगे यांच्या सहवासात रमणाऱ्या ग्रंथातील ही तीक्ष्णता सहेतुक वाटते. त्याच ग्रंथात खणलेले खड्डे, विटांच्या राशी, करवतीने चिरलेली लाकडे आणि धान्याचे ढीग यांच्या मापनाची स्वतंत्र प्रकरणे आहेत. धान्याच्या ढिगाची उंची परिघाच्या कितव्या हिश्श्याइतकी धरावी, हे भास्कराचार्य धान्याच्या जातीनुसार वेगळे सांगतात : जाड्या धान्याला दहावा, बारीक धान्याला अकरावा, कुसळाच्या धान्याला नववा. ज्याने ढीग कसा घसरतो ते पाहिले आहे, त्याचेच हे गणित आहे. चौकोनाविषयीचा त्यांचा इशाराही अशाच प्रत्यक्ष पाहण्यातून आलेला असावा, असे मानण्यास जागा आहे.

‘मॅथ-मॅजिक’च्या लेखकांना हा मुद्दा सुचणे अवघड होते, असेही म्हणता येत नाही, कारण त्याचे साधन पुस्तकातच आहे. दुसऱ्या पाठात आगकाड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्ह-ट्यूबचे तुकडे जोडून आकार करावयाची कृती आहे. त्रिकोण दाबला तरी हलत नाही, चौकोन मात्र कलतो, हे मुले तेथे हाताने अनुभवतात. पण तो पाठ कोनांचा आहे. कललेल्या चौकोनाचे कोन बदलले एवढेच तेथे विचारले जाते आणि अकराव्या पाठात क्षेत्रफळ येईपर्यंत ती चौकट विस्मरणात गेलेली असते. पाठांची विषयवार विभागणी किती अडचणीची ठरू शकते, याचे हे बोलके उदाहरण होय.

जुन्या किंवा नव्या, कोणत्याही पुस्तकातून शिकवणाऱ्या शिक्षकाला ही त्रुटी एका तासिकेत भरून काढता येईल. खराट्याच्या जाड काड्यांचे १२ सेंमीचे दोन व ६ सेंमीचे दोन तुकडे ट्यूबने जोडून चौकट करावी आणि ती चौकटीच्या कागदावर सरळ ठेवावी : आत ७२ चौरस. मग एक कोपरा हलकेच ढकलून लंबांतर ५ सेंमी करावे. अर्धेमुर्धे तुकडे जुळवून मोजले की ६० येतात. ३ सेंमीवर ३६. दर वेळी दोन्ही कर्णही मोजून फळ्यावर लिहावेत. सरळ चौकटीत ते दोन्ही सुमारे १३.४ सेंमी असतात. चौकट कलली की एक वाढत आणि एक घटत जातो. त्या दोन आकड्यांतील अंतर हीच जमीन घेणाऱ्याला हवी असलेली खूण आहे. शेवटी चौकट पूर्ण मिटवून आडवी करावी आणि मुलांना परिमिती विचारावी. ती ३६ सेंमीच आहे, आणि आत एकही चौरस उरलेला नाही.